छबीवर सुरी

वाढदिवसाला औक्षण करावे की केक कापावा, हा वाद आता जुना झाला. बहुतेक घरांनी तो आपापल्या परीने मिटवलेला आहे. सकाळी पाटाभोवती रांगोळी काढून निरांजन, सुपारी व अंगठी यांनी औक्षण होते, आणि संध्याकाळी मुलांच्या आग्रहास्तव केक येतो. सोवळ्याचा कडक अभिमान बाळगणाऱ्या घरांतूनही हा तह झालेला दिसतो, व तो मोडावा असे आम्हांस मुळीच वाटत नाही. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली, त्यावरून रानडे व टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले, आणि न्यायमूर्ती रानड्यांस अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. ज्या समाजाने एका बिस्किटासाठी इतका शाईचा व सुपाऱ्यांचा खर्च केला, त्याच समाजाची पणतवंडे आज केकात अंडे आहे की नाही एवढेच विचारून स्वस्थ बसतात. काळ पुढे जातो, तो असा.

परंतु केकाबरोबर अलीकडे एक नवीन गोष्ट घरात आली आहे, आणि तिचा विचार अजून कोणी नीट केलेला दिसत नाही. पूर्वी केकावर फार तर साखरेचे गुलाब असत व मुलाचे नाव असे. आता ज्याचा वाढदिवस त्याची हुबेहूब छबी केकावर छापून येते. ही छबी कागदावर काढून वर ठेवलेली नसते. ती खाण्याच्या कागदावर खाण्याच्या शाईने उमटविलेली असून केकाबरोबर पोटात जावयाची असते. म्हणजे प्रथम सुरी त्या चेहऱ्यावरून फिरावयाची, आणि मग कोणाच्या वाट्यास कान, कोणाच्या वाट्यास चष्मा, अशी वाटणी व्हावयाची.

संगमनेरकडील एका भगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांच्या मामंजींचे सहस्रचंद्रदर्शन येत्या महिन्यात आहे. घर एकत्र, माणसे सतरा-अठरा. पुण्यास शिकणाऱ्या नातवंडांनी आपल्या खर्चाच्या पैशांतून बचत करून दोन मजली फाँडंटचा केक सांगितला असून त्यावर आजोबांचा पगडीतील जुना फोटो छापावयाचा आहे. सासूबाईंनी हे ऐकले मात्र, त्यांनी अन्न टाकले नाही एवढेच. “मी डोळे उघडे ठेवून ह्यांच्या तोंडावर सुरी फिरलेली पाहणार नाही,” हे त्यांचे शब्द. धाकटे दीर म्हणतात, ही निव्वळ अंधश्रद्धा. जाऊबाई म्हणतात, मुलांचे मन मोडू नये. मामंजींना विचारले तर ते म्हणाले, “मला साखर डॉक्टरांनी बंद केली आहे, तुम्ही काय कापायचे ते कापा.” पत्र लिहिणाऱ्या भगिनी मधल्या सून आहेत, आणि मधल्या सुनेची अडचण काय असते हे आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको. त्यांनी विचारले आहे की, यात खरोखर दोष आहे काय, आणि असल्यास नातवंडांस काय सांगावे.

उत्तर देण्यापूर्वी ती वस्तू काय आहे हे पाहणे बरे. न पाहता निषेध करण्याची आपल्याकडील खोड जुनी आहे.

‘फाँडंट’ हा शब्द फ्रेंच असून ‘वितळणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. केकावर पसरावयाचा हा साखरेचा लगदा होय. पिठीसाखर, ग्लुकोजचा दाट पाक, थोडे ग्लिसरीन आणि चिकटपणासाठी जिलेटिन किंवा वनस्पतीचा डिंक यांचा गोळा मळून तो पोळीसारखा लाटतात व केकावर चादरीप्रमाणे अंथरतात. ग्लुकोज कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण आपल्या स्वयंपाकघरात फार दिवसांपासून ठाऊक आहे. पाक करताना तो पुन्हा साखर होऊन बसू नये म्हणून आपल्या आया-आज्या त्यात लिंबाचे दोन थेंब पिळीत. लिंबाच्या आंबटाने साखरेचा काही अंश फुटून त्याचे दोन निराळे साधे गोड पदार्थ होतात, व ते उरलेल्या साखरेस स्फटिक बांधू देत नाहीत. केकवाला तेच काम ग्लुकोज घालून करतो.

आता छबी. ती ज्यावर छापतात ते कागद दोन प्रकारचे. एक वेफर पेपर. तो बटाट्याच्या सत्त्वाचा, पाणी व किंचित तेल घालून केलेला, पातळ, बेचव, पापडाच्या जातीचा. दुसरी आयसिंग शीट. तीत सत्त्व, साखर, डिंक व ग्लिसरीन असून ती मऊ असते व प्लास्टिकच्या पाठीवर येते. ते प्लास्टिक सोलून मगच ती केकावर ठेवावयाची, हे घाईत विसरू नये. छापण्याचे यंत्र म्हणजे कचेरीत असतो तसाच शाईचे सूक्ष्म थेंब उडविणारा प्रिंटर. मात्र त्याच्या नळ्यांत पाणी, ग्लिसरीन व खाद्यरंग यांची शाई भरलेली असते. निळा, किरमिजी, पिवळा व काळा या चारांच्या मिश्रणातून बाकीचे सर्व रंग निघतात. पांढरी शाई नसते. पांढरे म्हणून जे दिसते तो कागदच होय. म्हणून आजोबांचे केस छान येतात.

फाँडंटवर ही छबी उत्तम बसते, कारण त्याचा पृष्ठभाग सपाट व कोरडा असतो. पाण्याचा अगदी पुसट हात फिरवून ती वर ठेवावी, म्हणजे चिकटते. पाणी अधिक झाले की रंग ओघळून नाकाचा पत्ता लागत नाही. ओल्या क्रीमवर वेफर पेपर ठेवला तर तो ओल शोषून सुरकुततो व हळूहळू विरघळतो. हवेचाही परिणाम आहे. नगरच्या एप्रिलातील कोरड्या हवेत उघडी राहिलेली शीट वाळून तडकते, आणि तीच श्रावणात अकोल्याच्या डोंगराकडे नेली तर मरगळून पडते. पिशवीचे तोंड घट्ट बंद ठेवणे हा दोन्हींवर उपाय.

सोवळ्याओवळ्याचा प्रश्न छबीपेक्षा तिच्या खालच्या थरात अधिक आहे, व तिकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. जिलेटिन हे जनावरांच्या कातड्यांपासून व हाडांपासून काढतात. केक ‘एगलेस’ आहे एवढ्याने समाधान मानणाऱ्या कित्येक घरांत वरची गोंडस चादर जिलेटिनची असते. तांबड्या रंगांपैकी कारमाइन हा कोचिनील नावाच्या किड्यांपासून होतो. तेव्हा ज्यांना निर्वेध शाकाहार पाळावयाचा आहे, त्यांनी अंड्याबरोबर हेही दोन प्रश्न विचारावेत. बंद पुडक्यावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असतो. घरी केक करून विकणाऱ्या भगिनींकडून माल घेताना मात्र तोंडानेच विचारावे लागते. डिंक, कतीरा किंवा चायना ग्रास घालून केलेले फाँडंटही मिळते.

आरोग्याचा विषय एका परिच्छेदात आटोपतो, पण तो वगळता येत नाही. कचेरीत एकदा साध्या शाईने चाललेला प्रिंटर धुऊन त्यातच खाद्य शाई भरणे हे सर्वथा अयोग्य. खाण्याच्या कामाचे यंत्र प्रथमपासून निराळे पाहिजे. केक देणाऱ्याने अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली नोंदणी केलेली असावी. तिचा चौदा अंकी क्रमांक मागण्यात संकोच नको. आणि केकावरच्या चमकीविषयी विशेष सावध राहावे. अमेरिकेत ऱ्होड आयलंड संस्थानात २०१८ साली एका बाळाच्या पहिल्या वाढदिवशी केकावर सोनेरी-गुलाबी चमकी लावलेली होती. तो केक खाऊन सहा मुले आजारी पडली, आणि तपासात त्या चमकीत तांबे निघाले. दुसऱ्या एका बाळाच्या अंगात अशाच चमकीतून शिसे गेले. तेथील सरकारी आरोग्य खात्याने २०२१ साली ही हकीकत प्रसिद्ध करून जे सांगितले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे: डबीवर ‘विषारी नाही’ असे लिहिलेले असणे म्हणजे ती वस्तू खाण्याची आहे असे नव्हे. खडूही विषारी नसतो.

एवढी काळजी घेतली तर पदार्थ म्हणून या छबीत निषिद्ध असे काही राहत नाही. आणि साखरेच्या आकृती करून खाणे ही काही परकी चालही नव्हे. साखर ही वस्तूच मुळी आपल्या देशाची. कौटिल्याने अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड व शर्करा अशी उसाच्या रसाची रूपे सांगितली आहेत. त्यांतील ‘शर्करा’ फिरत फिरत युरोपात जाऊन ‘शुगर’ झाली, आणि ‘खंड’ हीच पुढे ‘कँडी’ होऊन पोरांच्या खिशात परत आली. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यास तर साखरेचे कौतुक सांगावयास नकोच. प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, कालव्यांनी ऊस आला, आणि १९५० साली लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने महाराष्ट्रातील पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला.

फाल्गुन लागला की बाजारात साखरगाठ्यांचे हार टांगलेले दिसतात. पाक चांगला उकळून, मळी काढून, तो लाकडी साच्यात ओततात. साच्यात आधी दोरा ताणून ठेवलेला असतो, व काही मिनिटांतच गाठी घट्ट होऊन दोऱ्यास लटकते. होळीला ती मुलांच्या गळ्यात, पाडव्याला गुढीवर, आणि दुसऱ्या दिवशी दाढेखाली. संक्रांतीचा हलवा तर याहून नाजूक काम. मंद आचेवर परातीत खसखस, तीळ किंवा साबुदाणा घेऊन त्यावर थेंब थेंब पाक सोडीत, हाताने सारखे फिरवीत बसावे, तेव्हा कोठे दाण्यास काटा धरतो. त्याच दाण्यांचे मंगळसूत्र, बाजूबंद, तन्मणी करून नव्या सुनेस व बोरन्हाणाच्या बाळास घालतात, आणि संध्याकाळी तो सारा साज घरातली पोरे फस्त करतात. साखरेचे हत्ती-घोडेही आम्ही पाहिले आहेत, व घोड्याचा पाय आधी खावा की शेपूट, यावर झालेली भांडणेही.

मग गाठीचा हार खाताना जे कोणास वाटले नाही, ते आजोबांच्या छबीच्या वेळी सासूबाईंस का वाटावे? येथे दोन गोष्टी निराळ्या आहेत. हारात व कड्यात कोणाचा चेहरा नसतो. आणि तेथे सुरी नसते.

चेहऱ्याचे प्रथम पाहू. आपल्या परंपरेत चित्र म्हणजे नुसता रंग लावलेला कागद असे कधी मानलेले नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात देवाच्या आठ प्रकारच्या प्रतिमा सांगितल्या आहेत. पाषाण, काष्ठ, धातू यांच्या बरोबरीने तेथे ‘लेख्या’ म्हणजे रेखाटलेली प्रतिमा आहे, वाळूची आहे, मनातलीही आहे. त्या यादीत साखर नाही. पण ज्या यादीत वाळू बसते तीत साखर बसू शकणार नाही असे कोण म्हणेल? तेव्हा केकावर गणपतीचे चित्र छापले की ती लेख्य प्रतिमा झालीच. यावर तरुण मंडळी हटकून म्हणतात, “आपण गणपती पाण्यात बुडवतोच ना?” बुडवतो खरे. पण बुडविण्यापूर्वी उत्तरपूजा करून, अक्षता टाकून, मूर्ती जागची हलवून त्या प्रतिमेतील देवत्वास निरोप दिलेला असतो. मूर्ती पाण्यात विरघळते. तिचे कोणी तुकडे करीत नाही. आणि मिरवणुकीत धक्का लागून मूर्तीचे बोट मोडले तर घरात किती हळहळ होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस या दोहोंतील फरक समजावून सांगावा लागत नाही. २०२२ साली मध्य प्रदेशात मंदिराच्या आकाराचा केक कापल्यावरून केवढा राजकीय गदारोळ उठला होता. त्यातील राजकारण बाजूस ठेवले, तरी लोकांच्या मनात काहीतरी टोचले होते एवढे खरे.

सुरीचे प्रकरण याहून खोल आहे. आकृती करून ती कापणे ही क्रिया आपल्याकडे एकाच प्रसंगी येते, आणि तो प्रसंग म्हणजे बली. यज्ञात सजीव पशूऐवजी पिठाचा पशू करावा हा पक्ष मध्वमतानुयायांत मान्य झाला, त्यास पिष्टपशू म्हणतात. कोहळा हाही तसाच प्रतिनिधी. म्हणून तर अजून कित्येक घरांत बायका अखंड कोहळ्यास आपण होऊन विळी लावीत नाहीत, घरातील पुरुषाने पहिला वार करावा आणि मग पुढची चिराचिर त्यांनी. कोकणातून वर आलेल्या घरांत नरकचतुर्दशीला डाव्या अंगठ्याने कारीट चिरडतात व त्याचा कडू रस जिभेस लावतात. नीट पाहिले तर वर्षभरात ज्याची आकृती चिरडून आपण जिभेस लावतो, असा एकच मनुष्याकृती इसम आहे, आणि तो नरकासुर! त्याच्या पंक्तीस आजोबांना बसवावे काय?

राष्ट्रकूटांच्या काळी, शके ८८१ म्हणजे इसवी सन ९५९ मध्ये, सोमदेव या जैन पंडिताने ‘यशस्तिलक’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात यशोधर राजाची कथा आहे. राजाने वाईट स्वप्न पडल्याचे आईस सांगितले. आईने देवीस बळी देण्याचा आग्रह धरला. राजास जीवहत्या नको होती. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. कोंबडा पिठाचा, रक्ताचा थेंब नाही. तरीही कापताना मारण्याचा संकल्प मनात होता, म्हणून मायलेकांस मोर, कुत्रा अशा योनींतून फिरावे लागले, असे कथाकार सांगतो. जैनांचे तत्त्व येथे स्वच्छ आहे: आकृती कशाची आहे यापेक्षा कापणाऱ्याचा भाव काय आहे, तो पाहावा.

मौज अशी की, हजार वर्षांनंतर न्यायालयानेही साधारण हाच निकष लावला. २०१३ च्या नाताळात कोइमतूर येथे सहा फूट लांब व पाच फूट रुंद असा केक केला होता. त्यावर भारताचा नकाशा, तिरंगी रंग व अशोकचक्र होते. समारंभात तो कापून अडीच हजारांवर पाहुण्यांस वाटला. यात राष्ट्रध्वजाचा अवमान झाला अशी तक्रार १९७१ च्या कायद्याखाली झाली. मार्च २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते प्रकरण रद्द केले. जमलेल्या लोकांच्या मनात देशाविषयी अनादर नव्हता, अभिमानच होता, असे न्यायालयाने म्हटले.

धाकट्या दिरांचा पक्ष याने बळकट होतो, हे आम्ही कबूल करतो. नातवंडांच्या मनात आजोबांविषयी प्रेमाखेरीज दुसरे काय आहे? आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की, वडील मनुष्याची छबी कापू नये असे वचन आमच्या वाचनात कोठे आलेले नाही. तसे वचन असल्याची बतावणी करून पोरांस भिववणे आम्हांस मान्य नाही. अपमृत्यू, अपशकुन असल्या शब्दांनी घराच्या समारंभात विष कालवू नये.

पण कायद्यापुढचा प्रश्न आणि घरापुढचा प्रश्न एक नव्हे. कायदा कापणाऱ्याच्या मनात काय आहे ते पाहतो. घरात पाहणाऱ्याच्या मनाचाही विचार करावा लागतो. जिने साठ वर्षे ज्या चेहऱ्याकडे पाहून संसार केला, तिच्या समोर तो चेहरा, टाळ्यांच्या गजरात, दोन भागांत कापावयाचा. तोही सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी! हा दिवस दीर्घायुष्याचा. सुमारे ऐंशी वर्षे दहा महिन्यांत माणसाच्या डोळ्यांसमोरून हजार पौर्णिमा जातात, म्हणून हा सोहळा. अशा दिवशी आपली भाषासुद्धा तुटण्याफुटण्याचे शब्द टाळते. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवीत नाही, मालवतो. ज्या भाषेने शुभकार्यात ‘फोडणे’ हे क्रियापदही उंबऱ्याबाहेर ठेवले, त्या भाषेत वाढलेल्या बाईस नवऱ्याच्या मुखावरची सुरी सोसवेना, यास अंधश्रद्धा म्हणणे हा शब्दाचा आळशी उपयोग आहे. सासूबाई बरोबर आहेत.

म्हणून आमचा निर्णय असा की, देवांच्या, गुरूंच्या, हयात वडीलधाऱ्यांच्या आणि विशेषतः दिवंगतांच्या छबी सुरीखाली येऊ देऊ नयेत. महापुरुषांच्या जयंतीस त्यांच्या चित्राचा केक कापण्याची जी चाल चौकाचौकांतून पडू पाहते तीही आम्हांस पसंत नाही. लहान बाळाच्या छबीविषयी निराळे मत असू शकेल; पण आमचा अनुभव असा की, तेथेही आजीचा हात बाळाच्या कपाळाशी येऊन थांबतो, आणि केक कडेकडेने खाल्ला जाऊन मध्ये एक गोजिरवाणा चेहरा दोन दिवस शीतकपाटात उरतो.

नातवंडांस मात्र ‘नाही’ एवढेच सांगून परत पाठवू नये. त्यांनी पैसे साठविले आहेत. छापण्याच्या या कलेस चेहऱ्याखेरीज दुसरे शेकडो विषय आहेत. आजींनी दारात काढलेली ठिपक्यांची रांगोळी फोटो घेऊन छापावी. रांगोळी पुसण्यासाठीच असते, ती कापल्याने कोणास वाईट वाटत नाही. प्रवरेचा घाट छापावा, आजोबांनी लावलेला आंबा छापावा, त्यांनी चालविलेली सायकल छापावी. घराच्या वाड्याचे चित्र सुचले होते, परंतु एकत्र कुटुंबात वाड्याचे तुकडे करून भावाभावांत वाटावेत हे काही ठीक दिसणार नाही. हल्ली तेवढे निमित्तही पुरते.

आणि आजोबांची छबीच हवी असा हट्ट असेल तर त्यावरही तोड आहे. केकवालीस सांगून फाँडंटची निराळी पाटी करून घ्यावी. ती पातळ लाटून एकदोन दिवस आधी वाळू द्यावी, म्हणजे कडक होते. कतीऱ्याच्या डिंकाची चिमूट घातल्यास अधिक चांगली. तिच्यावर छबी चिकटवून ती केकावर उभी करावी किंवा नुसती टेकवून ठेवावी. सर्वांनी पाहावी, फोटो काढावेत, आणि कापण्याच्या वेळी आजींनी आपल्या हाताने ती उचलून ताटलीत ठेवावी. खालचा केक पांढराच राहील, तो खुशाल कापावा. त्या दिवशी गुळाची तुला करून गूळ वाटण्याची चालही नातवंडांस सांगून पाहावी. गोडाच्या राशीत आजोबांना बसविण्याची हौस तीत पुरेपूर भागते, व कोपरगाव-राहात्याकडील गूळ चांगला असतो.

कापलेले तुकडे वाटताना पहिला सासूबाईंस द्यावा. मामंजींना साखर वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी वाटीभर राजगिऱ्याच्या लाह्या व दूध वेगळे ठेवावे, नाहीतर सर्वांच्या देखत त्यांना ‘नको’ म्हणावे लागते. पाटी शीतकपाटात ठेवू नये. बाहेर काढताच तिला घाम सुटतो व रंग पसरतात. झाकणाच्या कोरड्या डब्यात ती बरेच दिवस टिकते. पुढे ठेवावीशी वाटली नाही तर पाण्याच्या तांब्यात सोडावी, रात्रीतून विरघळेल, आणि सकाळी ते पाणी अंगणातल्या झाडास घालावे. डब्याचे झाकण मात्र घट्ट असू द्यावे. मुंग्यांस आजोबा काय आणि बत्तासा काय, सारखेच.